पडू द्या, हात लावू नका

साकोलीत मला खोली देण्याआधी माझ्या घरमालकांनी एकच प्रश्न विचारला होता.

"गुरुजी, तुमच्या हातून सामान पडते का?"

मी तेव्हा शाळेत चित्रकलेचा मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो. आणीबाणीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मोहाडीकडून एक पत्र्याची पेटी आणि सतरंजी घेऊन आलो होतो आणि दोन दिवस खोली शोधत हिंडत होतो. पहिल्या दोन ठिकाणी मला आडनाव विचारलं गेलं, आणि मी ते सांगताच खोली कालच कुणाला तरी देऊन टाकल्याचं त्या मंडळींना एकदम आठवलं. आमचं घर छप्पन साली बौद्ध झालं, आडनाव मात्र जुनंच राहिलं, आणि त्या आडनावाची ओळख आमच्या भागात कुणाला करून द्यावी लागत नाही. त्यामुळे तिसऱ्या दारात मी जरा घुश्शातच उभा होतो. आणि हा गृहस्थ विचारत होता, सामान पडतं का!

"पडतं कधीकधी," मी खरं ते सांगितलं.

"पडता पडता धराले जाता का?"

"नाही बहुतेक. पडल्यावर उचलतो."

"मंग या राहाले," ते म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात न देता समोर जमिनीवर टाकली. मी ती पडू दिली आणि मग उचलली. परीक्षा पास झालो. आडनाव त्यांनी पुढे महिनाभराने, पोस्टमन पत्र घेऊन आला तेव्हा विचारलं.

सगळं गाव त्यांना भाऊ म्हणायचं, मीही म्हणू लागलो. महामार्गाला लागून त्यांचा फोटो स्टुडिओ होता, मागे घर, आणि घरामागच्या अंगणात माझी खोली. अंगाने काडी, वय पन्नाशीचं, आणि बाराही महिने खाकी अर्धी पँट. फोटोसाठी जिथे तिथे गुडघे टेकावे लागतात, लांब पँट घातली की गुडघ्यावर ठिगळ येतं, मग पँटच अर्धी का असू नये, असा त्यांचा सवाल. लग्नात नवरदेवाकडची माणसं हसायची. भाऊंना त्याचं काही वाटत नसे, त्यांना फारशा कशाचंच काही वाटत नसे. स्वतःच्या मतावर इतका गाढ विश्वास असलेला माणूस मी त्यानंतर पाहिला नाही.

त्यातलं सगळ्यात गाढ मत कॅमेऱ्याच्या पडण्याबद्दल होतं.

"दुनियेत दोनच जातीचे कॅमेरे आहेत, गुरुजी," ते सांगत. "एक पडलेला आन् एक पडाचा. पडाचा कॅमेरा घेऊन मी लग्नाले जात नाई. कोणत्या घडीले पडन, काय भरोसा? पडून उठलेला असला की त्याचं आपल्याले माहीत राहते."

हे नुसतं बोलणं नव्हतं. नागपूरला एका दुकानातून त्यांनी जुना जर्मन कॅमेरा घेतला होता, खाली मान घालून काचेत पाहायचा, समोर दोन भिंगांचा. पैसे दिले, पावती घेतली, आणि कॅमेरा कमरेच्या उंचीवरून तिथल्या तिथे फरशीवर सोडला. दुकानदार ओरडला, त्याचा नोकर मागून धावत आला. भाऊंनी कॅमेरा उचलून कानाशी हलवला, आत काही खडखडतं का ऐकलं, खटका दाबला, पुन्हा ऐकलं आणि "चालते" म्हणून बाहेर पडले. दुकानदाराला पाणी पाजावं लागलं, हे ते मला हसत हसत सांगत.

घरी आलेल्या प्रत्येक कॅमेऱ्याचं असं पडणं विधिवत होई. आधी गुडघ्यापासून, धानाच्या कोंड्याच्या पोत्यावर. मग कमरेपासून, सारवलेल्या जमिनीवर. मग खांद्यापासून, फरशीवर. वहिनी आतून ओरडायच्या, "माझ्या हातून एक बशी पडली तं दोन दिवस बोलून राहिले होते, आन् इथं रोज आपटणं चालू आहे!"

"बशी घरगुती होती," भाऊ शांतपणे म्हणत. "हा धंद्याचा आहे."

घरगुती आणि धंद्याचा हा फरक त्यांच्या लेखी मोठा होता. डॉक्टरच्या नाहीतर रेंजरसाहेबाच्या घरचा प्लास्टिकचा कॅमेरा फुटून आला की ते मयताला गेल्यासारखा चेहरा करायचे आणि दोन शब्द सांत्वनाचे बोलायचे. धंद्याचा कॅमेरा पोचा घेऊन आला की खूश व्हायचे. कोपऱ्यावर पडला असेल तर उत्तम, कोपरा सगळं सोसतो. चपटा पडला तरी चालेल. भिंगावर पडला तर मात्र माणसाने आधी बसून घ्यावं आणि मग उचलावा, असं त्यांचं मत.

कॅमेऱ्याची दोरी ते गळ्यात घालत नसत. दोरीमुळे कॅमेरा पडायचा राहत नाही, उलट माणूसही त्याच्याबरोबर पडतो, म्हणे. दोरीऐवजी त्यांनी दुसरी सोय केली होती. सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन बोटं रुंद पट्टा कापून तो कॅमेऱ्याभोवती घट्ट बसवायचा, म्हणजे आपटला तरी मागचं झाकण उघडत नाही. झाकण उघडलं की ऊन आत जातं, आणि ऊन गेलं की रीळ गेलं. "कॅमेरा लोखंडाचा आहे, तो कायले मरते? मरते तो आतला फोटो," असं म्हणून ते पट्टा टिचकीने वाजवून दाखवायचे.

आणि पडणाऱ्या कॅमेऱ्याला कुणी हात लावायचा नाही, हा तर कायदाच. एका लग्नात भाऊ पाटावर चढून फोटो घेत होते आणि कॅमेरा निसटला. नवरीच्या मामांनी तो वाचवायला पाय पुढे केला. भाऊ ओरडले, "पडू द्या, हात लावू नका!" पण मामांनी हात लावलाच नव्हता, पाय लावला होता. अंगठ्याचं हाड मोडलं. कॅमेरा शाबूत, मामा साकोलीच्या दवाखान्यात. भाऊ दुसऱ्या दिवशी केळी घेऊन भेटायला गेले आणि जमिनीवर पडला असता तर काय काय झालं नसतं हे मामांना अर्धा तास समजावून आले.

मी त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून आलो आणि दोनेक महिन्यांत सहकारी झालो. शाळा सुटली की दुकानात बसायचं आणि बारीक टोकाच्या पेन्सिलीने निगेटिव्हवरचे देवीचे व्रण, सुरकुत्या बुजवायच्या. लग्नाळू मुलींचे फोटो असत. भाऊ मागून वाकून पाहत आणि म्हणत, "इतकी गोरी नका करू गुरुजी, पाव्हणे आले की घरचे ओळखतीन का तिले?" अशा वेळी बाजूच्या टेबलावर एक जाडजूड काळा अल्बम असे. तो गिऱ्हाइकाला दाखवायचा नव्हता.

कॅमेरा पडला की तो ठीक आहे का हे पाहायला भाऊ त्याच क्षणी एक फोटो काढत, समोर जो असेल त्याचा. असे सगळे फोटो त्यांनी त्या अल्बममध्ये चिकटवले होते. तोंड उघडं पडलेला तहसील कचेरीतला कारकून. दोन्ही हात डोक्यावर नेलेली नवरी. डोळे मिटून घेतलेला पोलीस. मामाही होते, एका पायावर. पहिल्या आठवड्यातला माझाही होता, भुवया टाळूपर्यंत गेलेल्या. खाली नाव नाही, फक्त उंची आणि कशावर पडला ते. "कंबर, मुरूम." "खांदा, सिमेंट." फोटोला बसलेल्या माणसाचा चेहरा खोटा असतो, हा तेवढा खरा, असं ते म्हणत. त्या शंभर-सव्वाशे चेहऱ्यांत एकही हसरा नव्हता.

आता शंकरपटाचं सांगतो.

धान कापून झालं की आमच्याकडे बैलांच्या शर्यती लागतात. मोकळ्या झालेल्या बांध्यांमधून, म्हणजे धानाच्या शेतांमधून, लांब धावपट्टी करायची आणि छकड्याला जुंपलेल्या दोन-दोन जोड्या सोडायच्या. साकोलीपासून जवळच्याच एका गावचा पट मोठा नावाजलेला. आदल्या वर्षी तिथे शेवटच्या धावेत कोणती जोडी आधी आली यावरून पंचांतच भांडण लागलं आणि बैल टोचायच्या तुतारीच्या काठ्या बैलांऐवजी माणसांवर चालल्या. म्हणून या वर्षी पटाच्या कमिटीचे चार जण भाऊंकडे आले. रेषेवर फोटो घ्यायचा आणि फोटो म्हणेल ते सगळ्यांनी मान्य करायचं, असं ठरलं होतं.

"मचाण बांधा," भाऊ म्हणाले. "मी वर बसतो. हे गुरुजी जोड्यांचे नंबर लिहितीन. तिसऱ्या दिवशी दुकानात या आन् फोटो पाहा."

"पण भाऊ," त्यातला एक भीत भीत म्हणाला, "गर्दी राहते. धक्का-बिक्का लागून कॅमेरा पडला तं?"

भाऊंनी फळीवरचा जर्मन कॅमेरा घेतला आणि त्या चौघांच्या पायांशी सोडून दिला. चौघेही उभे राहिले. भाऊंनी तो उचलून त्यांचा फोटो काढला. "अजून काही विचाराचं आहे?" ते म्हणाले.

पटाच्या दिवशी आम्ही दोघं सकाळपासून मचाणावर होतो. बांबूचं, दोन पुरुष उंच, खाली कडक वाळलेली बांधी. शेवटच्या धावेला दोन जोड्या उरल्या. एक मोहाडीकडच्या एका तरुण धान्य-व्यापाऱ्याची, म्हणजे माझ्या तालुक्याची. दुसरी आबाजींची.

आबाजी जंगलाकडेच्या एका खेड्यातले, सत्तरीचे. बैल त्यांनी पोटच्या पोरांसारखे वाढवले होते, आणि दर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते जोडी रंगवून स्टुडिओसमोर आणत. दुकानात त्या दिवशी दुसरं काम नसे. भाऊ त्यांना खुर्ची द्यायचे, स्वतः उभे राहायचे आणि बैलांचा फोटो नवरा-नवरीच्या फोटोइतका वेळ लावून काढायचे. आबाजी घरच्या मोहाच्या फुलांचे लाडू आणायचे. भाऊंनी कॅमेरा कधी आबाजींच्या पुढ्यात पाडला नाही. म्हातारा घाबरेल, एवढाच हिशेब होता.

झेंडी पडली. जोड्या आल्या त्या धुळीचा एक लोट घेऊनच. भाऊ मचाणाच्या कडेवर गुडघे टेकून, कॅमेरा पुढे धरून काचेत पाहत होते. रेषेवर खटका वाजलेला मी ऐकला. पुढच्याच क्षणी दोन्ही बाजूंची माणसं बैलांमागे धावली, मचाणाच्या एका बांबूला कुणाचा तरी खांदा लागला, आम्ही दोघं आडवे झालो, आणि कॅमेरा खाली गेला. बांधीच्या ढेकळावर कोपऱ्याने आपटला, दोनदा उडाला आणि थांबला. ट्यूबचा पट्टा जागच्या जागी होता. झाकण बंद होतं. मला वरून स्वच्छ दिसत होतं.

"साबूत!" भाऊ आनंदाने म्हणाले. आम्ही उतरायला वळलो.

सगळी गर्दी बैलांमागे गेली होती. खाली एकटे आबाजी होते. धावण्याचं वय नव्हतं, म्हणून ते रेषेपाशीच थांबले होते. त्यांनी कॅमेरा पाहिला आणि लगबगीने दोन्ही हातांनी उचलला. धोतराच्या सोग्याने पुसला. मग खाली बसले, तो मांडीवर घेतला, ट्यूबचा पट्टा सावकाश सोलून काढला, खिट्टी शोधली आणि मागचं झाकण उघडलं.

भाऊ अर्ध्या शिडीवर होते. ते ओरडू शकले असते. त्यांच्या तोंडून आवाजच निघाला नाही, हे मी त्यांच्या बाबतीत पहिल्यांदा पाहत होतो.

भर दुपारच्या उन्हात आबाजींनी कॅमेऱ्याच्या आत नीट पाहिलं. जनावर पडलं की आधी त्याचं तोंड उघडून पाहायचं, जीभ चावली गेली का, रक्त आहे का, हे त्यांना आयुष्यभर ठाऊक. तसंच त्यांनी पाहिलं. मग झाकण लावलं, पट्टा होता तसा चढवला आणि आम्ही पोचलो तेव्हा कॅमेरा भाऊंच्या ओंजळीत ठेवला.

"काई नाई झालं भाऊ," ते तोंडभर हसत म्हणाले. "म्या आतून पाह्यलं. साबूत आहे तुमचं लेकरू."

"उपकार झाले, आबाजी," भाऊ म्हणाले. आणि सवयीने त्यांचे हात चालले. त्यांनी रीळ एक घर पुढे सरकवलं आणि आबाजींचा फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डार्करूममध्ये आम्ही रीळ धुतलं. गुंडाळलं गेलेलं सगळं उत्तम आलं होतं, धावपट्टी, गर्दी, आधीच्या जोड्या. काढून झालेला पण अजून गुंडाळला न गेलेला एकच फोटो झाकण उघडलं तेव्हा उन्हात होता, आणि तो म्हणजे रेषेवरचा. त्या जागी निगेटिव्हवर काळाठिक्कर चौकोन. त्याच्या शेजारच्या घरात आबाजी. भाऊंनी त्याची एक प्रत काढली. एका कडेने पांढरा झोत शिरलेला, बाकी म्हाताऱ्याची सुरकुतीन् सुरकुती आली होती. पडलेल्या कॅमेऱ्यासमोरचा तो एकच हसणारा चेहरा. लाल दिव्याखाली भाऊंनी तो चिमट्याने उचलून दोरीवर लावला.

"सांगून टाकू ना खरं," मी म्हणालो. "आबाजींनी चांगल्या मनानं उघडला."

"तुमाले माहीत आहे चांगल्या मनानं. मोहाडीवाल्याले काय माहीत? तो म्हणन, बुढ्याची जोडी मागं होती, म्हणून बुढ्यानं पुरावा मारला. त्याच्या गावचे पन्नास लोक म्हणतीन. चाळीस वर्षं पट खेळला तो माणूस, गुरुजी. त्याच्याकडं कोणी कधी बोट नाई दाखवलं. त्याले पटात पाय ठेवू देतीन का?"

"मग काय सांगायचं?"

"कॅमेरा फुटला म्हणून सांगाचं."

साकोलीत भाऊंचं जे काही नाव होतं ते या एका गोष्टीवर उभं होतं. लाखनीपासून गोंदियापर्यंत लोक त्यांना लग्नाला बोलवत ते काही फोटो फार सुंदर येतात म्हणून नाही. या माणसाचा कॅमेरा दगा देत नाही, म्हणून बोलवत.

त्यांनी आबाजींचा फोटो आणि त्याचं निगेटिव्ह वहिनींच्या चुलीत टाकलं, पडल्यावरही कॅमेरा चालत होता याचा तोच पुरावा होता. मग कॅमेरा घेऊन अंगणात आले, कारण पंच मागतील तर तो फुटलेला दाखवायला हवा होता. ट्यूबचा पट्टा काढून ठेवला, शिडी लावून माळ्यावर चढले आणि तिथून कॅमेरा धुण्याच्या दगडावर सोडला. कोपऱ्याला एक पोचा आला. झाकण उघडलं नाही. पुन्हा चढले, पुन्हा सोडला. उघडलं नाही. तिसऱ्यांदा तर त्यांनी जोर करून आपटला. कॅमेरा लोळत माझ्या पायाशी आला, मी खटका दाबला, आणि तो वाजला. इतक्या वाईट वेळीसुद्धा भाऊंच्या चेहऱ्यावर अभिमान आला आणि मलाही हसू आलं.

"नाई फुटत भाऊ," मी म्हणालो.

"फुटत नाई," ते म्हणाले. मग आतून पेचकस आणला, उकिडवे बसले, आणि "माफ कर बापा" म्हणून झाकणाची खिट्टी स्वतःच्या हाताने मोडली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

तिसऱ्या दिवशी कमिटीचे चौघे आले, मोहाडीचा व्यापारी आला, आबाजी आले. आबाजींना खुर्ची दिली. भाऊ उभे राहून म्हणाले, "फोटो नाई आला. पडताना झाकण उघडलं, ऊन आत गेलं. कॅमेरा फुटला. माझी चुकी."

"पण तुमी तं आमच्या पायापाशी आपटला होता!" कमिटीतला एक म्हणाला.

"आपटला होता. मचाणावरून नाई टिकला." त्यांनी मोडकी खिट्टी पुढे केली. ती हातोहात फिरली.

"आन् ते रबर? ते तं तुमी सगळ्याईले दाखवत फिरता."

"त्या दिवशी लावाले इसरलो."

"नाई, नाई," आबाजी खुर्चीतून पुढे झुकले. मदत करायला, दुसरं काही नाही. "रबर तं होतं, भाऊ. झाकणई बंद होतं. म्याच त्याले..."

"चूप बसा, आबाजी!"

दुकानातल्या काचा वाजाव्यात असा तो आवाज होता. आतून वहिनी बाहेर आल्या.

"बैलाच्या शेपटीमागं जिंदगी गेली तुमची," भाऊ म्हणाले, "कॅमेऱ्यातलं काय समजते तुमाले? माणसं बोलून राहिले तं मधात तोंड घालाची काय गरज आहे?"

आबाजींचा वर आलेला हात तसाच खाली गेला. त्यांना त्या दुकानात कुणी कधी अरे म्हटलं नव्हतं. ते उठले, दारातल्या वहाणा पायात सरकवल्या, वहिनींना हात जोडले आणि बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

मग जे झालं त्याची भाऊंनाही कल्पना नसणार. मोहाडीचा व्यापारी ताडकन उठला. "कॅमेरा तुमचा फुटला आन् राग बुढ्यावर काढता? लाज वाटू द्या जराशी!" तो कमिटीकडे वळला. "मले काई फोटो-बिटो नाई पाह्यजे. आबाजीची जोडी आन् माझी जोडी, दोघाईचा नंबर पहिला लावा. अशा माणसाच्या दुकानात मी आता बसत नाई." तो बाहेर गेला आणि आबाजींना स्वतःच्या जीपमध्ये बसवून घेऊन गेला. आदल्या वर्षी काठ्या चाललेल्या पटाचा निकाल असा लागला.

त्याची किंमत भाऊंनी पुढे सावकाश चुकती केली. पटाला त्यांना पुन्हा कुणी बोलावलं नाही. लग्नाच्या बोलाचालीत लोक मुद्दाम विचारू लागले, "कॅमेरा पक्का आहे ना, का तोच?" बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीत एकदा माझ्यादेखत कुणी तरी म्हणालं, "याईचाच ना तो कॅमेरा, पटात फुटलेला?" भाऊ तिथेच बशीत चहा ओतत होते. "हो, माझाच," ते म्हणाले आणि चहा प्याले. मला बाक उलटा करावासा वाटला. त्यांनी नवा कॅमेरा आणला तो कुणापुढे पाडला नाही. लग्नाला जाताना चारचौघांसारखी दोरी गळ्यात घालू लागले. काळ्या अल्बममध्ये नंतर एकही फोटो चढला नाही.

आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आबाजी आले नाहीत. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. भाऊ मात्र दर वर्षी त्या दिवशी स्टुडिओसमोरची जागा झाडून ठेवायचे.

"एकट्या आबाजींना तरी सांगा," मी एकदा चिडून म्हणालो. "ते कुठं बोलणार आहेत?"

"तुमी ओळखलं नाई त्या माणसाले," भाऊ म्हणाले. "सांगितलं तं दुसऱ्याच दिवशी बजारात उभा राहून सांगन, माझ्या हातानं झालं म्हणून. खोटं झाकून बसाचं त्याले जमत नाई. मले जमते." आणि त्यांनी समोरचं काम पुढे ओढलं.

माझ्या गावचे लोकही मला कोपऱ्यात घेऊन विचारायचे, गुरुजी, तुम्ही मचाणावर होता, खरं काय झालं? धुळीत काही दिसलं नाही, असं मी सांगायचो. हे आज लिहितो आहे, कारण आबाजी नाहीत, भाऊ नाहीत, आणि आमच्या भागात अजूनही कुणी म्हातारा माणूस पटातल्या फुटक्या कॅमेऱ्याची गोष्ट सांगून हसतो तेव्हा माझ्या अंगाची आग होते.

शहाऐंशीच्या सुमारास माझी बदली तुमसरला झाली. भाऊ मला बसस्टँडवर सोडायला आले. अर्धी पँट तीच, पाय थोडे वाकलेले. पेटी टपावर चढली. मी खिडकीशी बसलो, ते खाली उभे. त्या एका बोलण्यानंतर इतक्या वर्षांत आमच्यात त्या दिवसाबद्दल पुन्हा बोलणं झालं नव्हतं. कंडक्टरने घंटी मारली तेव्हा त्यांनी खिडकीची दांडी धरली.

"गुरुजी, एक विचारू?"

"विचारा ना, भाऊ."

"मचाणावरून पडला तवा झाकण उघडलं होतं का?"

त्यांना खरंच माझ्याकडून ऐकायचं होतं. अख्खं जग ज्याच्या उलट सांगत होतं ते एका माणसाने त्यांच्या तोंडावर सांगायला हवं होतं. मला इतकी वर्षं हे सुचलं नाही, याची लाज वाटली.

"नव्हतं उघडलं," मी म्हणालो. बसमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "मी वरून पाहिलं. कोपऱ्यावर पडला, दोनदा उडाला, आणि झाकण बंद होतं. बारा फुटांवरून पडून शाबूत होता तुमचा कॅमेरा."

बस हलली. भाऊंनी दांडी सोडली आणि दोन पावलं बसबरोबर चालले.

"चौदा," ते ओरडले. "चौदा फूट होतं, गुरुजी!"